मागच्या दारांची हौसाबाई

वाशीमच्या कडेला एक कॉलनी आहे. तिथे प्लॉट पडले तेव्हा घेणाऱ्या प्रत्येकाला दार पूर्वेलाच हवं होतं, आणि बिल्डरने कोणाचंच मन मोडलं नाही. पाचही रांगांतली एकूण एक घरं त्याने उगवतीकडे तोंड करून बसवली, वर सगळ्यांना एकच पिस्ता रंग फासला. त्यामुळे कुठल्याही गल्लीत शिरा, एका हाताला घरांची तोंडं आणि दुसऱ्या हाताला पुढच्या रांगेच्या पाठी. म्हणजे मोरीचे पाइप, धुण्याच्या दोऱ्या आणि स्वयंपाकघराची अरुंद दारं. नवा पाहुणा हमखास चुकतो आणि भलत्याच घरी पाणी पिऊन येतो.

भाजीवाली हौसाबाई कधी चुकली नाही. घरांचे नंबर तिला वाचता येत नाहीत, पण घरं ती पाठीवरून ओळखते. हा पाइप गळतो म्हणजे ही बिनकांद्यावाली, ही जाळी फाटकी म्हणजे ही रोज सांभार, म्हणजे कोथिंबीर, फुकट मागणारी. गाडी ती तोंडांच्या बाजूला लावतच नाही. पुढच्या दारात खुर्ची टाकून बसलेले बाप्ये अर्धा तास घासाघीस करून पावभर आलू घेतात, हा तिचा पक्का अनुभव. मागच्या दारांतून बाया येतात, मेथीची जुडी हातात धरून गप्पा हाणतात आणि तशाच दुसऱ्या रांगेत कोणाकडे तरी शिरतात. तिच्या मळ्यात पिकलेलं सगळं नऊच्या आत खपतं.

अशात कोणाची तरी पाण्याची मोटार मागच्या दारातून चोरीला गेली. कॉलनीचे अध्यक्ष माणिकराव म्हणजे जन्मभर लोकांच्या जमिनी मोजून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी बैठक घेतली आणि ठरवलं की मागची सगळी दारं विटांनी बुजवायची, भाजीवाल्यांनी फाटकाबाहेर थांबायचं. बाप्यांनी हात वर केले. बायांना कोणी विचारलं नाही.

हौसाबाईचं डोकं सणकलं. दारं गेली तर धंदा बसणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं. पदर खोचून कोणती बाई रोज फाटकापर्यंत येणार? तिने माणिकरावांना विनवून पाहिलं, तर त्यांनी कॉलनीचा नकाशा उघडून फाटकावर बोट ठेवलं. नकाशाशी भांडण कसं करायचं हे तिला येत नव्हतं. मग तिने आपल्या पद्धतीने करायचं ठरवलं.

रविवारी गवंडी यायचा होता. त्या सकाळी हौसाबाई माणिकरावांच्या बायकोकडे, विजयमालाबाईंकडे मागून गेली आणि साहेबांची हिरव्या चौकड्यांची लुंगी मागितली. विजयमालाबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं, काही न विचारता दोरीवरची लुंगी काढून दिली. हौसाबाईने ती तीन घरं सोडून राहणाऱ्या रंजीताच्या दोरीवर वाळत टाकली.

गवंडी आला, विटा उतरल्या, कमिटी गोळा झाली. हौसाबाई गाडीमागून गोड आवाजात म्हणाली, "साहेब, सुरुवात तुमच्याच दारापासून करा ना. म्हणजे बाकीच्याईले हुरूप येईन."

माणिकराव फुलले. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली, लुंगी पाहिली आणि ताडताड निघाले. गवंड्याला दार दाखवलं आणि आत शिरून चहा टाकायला फर्मावलं. आत रंजीता पोळ्या लाटत होती. तिने लाटणंही थांबवलं नाही. "बसा काका," ती म्हणाली, "साखर किती टाकू?"

ते बाहेर आले तेव्हा गल्लीभर बाया पदरात तोंड घालून हसत होत्या. माणिकरावांनी पुन्हा पाहिलं. तोच पाइप, तीच मोरी, तेच दार. अंदाजाने त्यांनी एक कडी वाजवली, तीही चुकीची निघाली. शेवटी विजयमालाबाईंनीच दार उघडलं.

"इकडं या. बारा वर्सं झाली, हे आपलं मागचं दार व्हय."

माणिकराव पार शरमले आणि शरमलेला माणूस चिडतो तसे चिडले. "दार तर बुजनारच," ते म्हणाले. "तुले काय काम पडते ह्या दाराचं?"

"काई काम नसते," विजयमालाबाई शांतपणे म्हणाल्या. "समोरून निंगाली का तुमी इचारता, कुठं चालली. इथून कोणी इचारत नाही."

हे हौसाबाईच्या बेतात नव्हतं. तिला नुसतं त्यांचं हसं करायचं होतं. बायांनी तोंडावरचे पदर खाली घेतले. माणिकराव उंबरठ्याकडे बघत राहिले. तो मधोमध पावलांनी झिजलेला होता. मग त्यांनी गवंड्याला विटा परत गाडीत भरायला सांगितल्या.

विजयमालाबाईंनी चपला घातल्या आणि त्यांच्या समोरून उतरून गल्लीने चालू लागल्या. माणिकरावांचं तोंड उघडलं. "कु" एवढंच निघालं, आणि त्यांनी ते मिटून घेतलं.