सव्वाअकराचा थांबा

शनिवार, १६ फेब्रुवारी २०१९. डेथ व्हॅली, कॅलिफोर्निया. हजर: मी, माझा नवरा सुहास, मुलगी ईशा (तेव्हा चौदा वर्षांची), नागपूरहून आलेले माझे बाबा, आणि सांता क्लाराचे आमचे मित्र मंजिरी आणि अभय. सहा माणसं, भाड्याची एक व्हॅन, आठ गॅलन पाणी.

एवढं माझ्या वहीत आहे. त्या दिवशी मी काय केलं ते वहीत नाही — आणि आजवर कुणाला सांगितलेलंही नाही. सुहासलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे, ते मलाही नीट कळत नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. त्या सहलीचीही यादी मीच केली. नऊला मिठाचं मैदान, सव्वाअकराला टाकणखाराचा जुना कारखाना, पुढे जाऊन साडेबाराला जेवण. सव्वाअकराचा थांबा फक्त बाबांसाठी होता. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी तो दोन अजस्र लाकडी गाड्यांत भरायचे, मागे पाण्याची टाकी जोडायचे, आणि वीस जनावरं — बहुतेक सगळी खेचरं — ते धूड वाळवंटातून रेल्वेपर्यंत ओढत न्यायची. दहा दिवस. मागचं चाक माणसाहून उंच. तशा गाड्या अजून तिथे उभ्या आहेत.

बाबांनी लायब्ररीतलं पुस्तक भिंग लावून वाचलं होतं आणि एका कागदावर तीन प्रश्न काढून ठेवले होते. उतारावर ब्रेक कोण धरायचं? जनावरांना वाटेत पाणी कुठे मिळायचं? आणि हा टाकणखार गोळा कोण करायचं?

त्यांना एवढी ओढ का, ते सांगते. माझे आजोबा तुमसरच्या पुढे एका खाणीवरून बैलगाडीत मँगनीजचे दगड भरून रेल्वेपर्यंत न्यायचे. आणि आजी — गिरजाबाई — तेच दगड खाणीतून टोपलीने डोक्यावर वर आणायची. बाबा शिकले, त्याच खाणीत वजनकाट्यावर कारकून झाले. मी शिकले, इथे आले. अभिमानाने सांगावी अशीच गोष्ट आहे, नाही का?

मंजिरीला मी सांगितलं होतं की बाबा माइन्समध्ये ऑफिसर होते.

आणि तेवढंच नाही. आम्ही बौद्ध. लग्नानंतरचं माझं आडनाव असं आहे की ऐकून काही कळत नाही. फ्रीमाँटच्या आमच्या घरात दिवाणखान्यात बुद्धाची मूर्ती आहे — पण इथे ती कुणाच्याही दिवाणखान्यात असते, शोभेला. निळ्या कोटातला फोटो वरच्या खोलीत. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला आम्ही जातो. त्याच दिवशी मंजिरीचं बोलावणं आलं, तर मी ऑफिसचं काम आहे म्हणते. मंजिरी वाईट आहे का? ईशाच्या आजारपणात तिने दहा दिवस डबा पाठवला. एकदा जेवताना भारतातल्या ॲडमिशनचा विषय निघाला, तेव्हा ती म्हणाली, "त्या लोकांचं काय यार, त्यांना सगळं सोपंच." आणि माझ्या ताटात पोळी वाढली.

मी ती खाल्ली.

तर — शुक्रवारी संध्याकाळी मोटेलजवळ जेवायला बसलो. बाबा रंगात आले होते. बैल घाटात कसे अडायचे, चाकाला दगड कसा लावायचा, सगळं सांगत होते. अभय मन लावून ऐकत होता. मंजिरीने कौतुकाने विचारलं, "काका, तुम्ही माइन्समध्ये ऑफिसर होतात ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. मग म्हणाले, "काट्यावर होतो." तिला ते कळलं नाही. ते पुढे म्हणाले, "उद्या त्या गाड्यांपाशी उभं राहून सांगतो. माझी आई काय काम करायची, ते तिथंच नीट समजन."

मी पटकन ईशाला गोड काय हवं ते विचारलं.

सकाळी मिठाचं मैदान झालं. मग व्हिजिटर सेंटरवर थांबलो. नकाशा आणते म्हणून मी एकटीच आत गेले. आत काय केलं? काहीच नाही. कुणाला काही विचारलं नाही. भिंतीवरचं उंटांचं — नाही, खेचरांचं — मोठं चित्र बघत उभी राहिले, पाच मिनिटं, आणि बाहेर येऊन म्हणाले, "बाबा, कारखाना बंद आहे. दुरुस्ती चालू आहे."

तिथे फोनला रेंज नव्हती. कुणी तपासून बघू शकणार नव्हतं. हेही मी मनात मोजलं होतं.

मंजिरी म्हणाली, "अरेरे, काकांचा केवढा हिरमोड." बाबांनी चष्मा डबीत ठेवला. म्हणाले, "बंद असन तर असन. तू विचारून आली ना, बेटा, बास."

जेवणाच्या ठिकाणाकडे जाताना वाटेत तोच फाटा लागला. समोरच्या दोन गाड्या आत वळल्या. एकीच्या मागे लहान मुलांच्या सायकली बांधलेल्या होत्या. "या जातायत की," अभय म्हणाला. मी म्हणाले, कामगार असतील. सायकली घेऊन? माझं मलाच पटलं नाही. बाबा खिडकीबाहेर, दुसऱ्या बाजूला बघत होते. साडेबाराच्या आधी वीस मिनिटं आम्ही जेवायला पोचलो.

बाबा आता त्र्याऐंशीचे आहेत, नागपूरला भावाकडे. डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलाय. दर रविवारी फोन होतो. कधीमधी, बोलणं संपत आलं की विचारतात, "ते गाड्यांचं उघडलं का?" मी म्हणते, बघते. हे विचारताना त्यांना सगळं माहीत असतं का? मला दार उघडून देत असतात का? की खरंच फक्त गाड्यांबद्दल विचारतात? इतक्या वर्षांत मला ठरवता आलेलं नाही.

गेल्या नोव्हेंबरात मी एकटी जाऊन आले. सुहासला ऑफिसचं काम सांगितलं. आठ तास ड्राइव्ह. तिथे फाटक नाही, कुलूप नाही, बंद करण्यासारखं काही नाहीच. वाळूत उभ्या गाड्या, पडक्या भिंती, वारा. पाटी वाचली. टाकणखार गोळा करायला चिनी मजूर होते, एवढं लिहिलंय. नाव एकाचंही नाही. मी चाकाशेजारी उभी राहिले आणि आजीचं नाव मोठ्याने घ्यायचं ठरवलं. आजूबाजूला कुणीही नव्हतं. तरी घेता आलं नाही.

फोटो काढले, एकतीस. ते पाठवून "उघडलं, बाबा" म्हणणं अगदी सोपं आहे. ते खूश होतील. माझं खोटं कायमचं बुजून जाईल. म्हणून पाठवलेले नाहीत. पण खरंही सांगितलेलं नाही.

उद्या रविवार. यादी केली आहे: भावाला औषधांचं विचारणे. ईशाच्या तिकिटाची तारीख कळवणे. बाबांना सांगणे, कारखाना उघडा होता.

ही शेवटची ओळ मागच्या आठवड्याच्या यादीतून उतरवून घेतली आहे. त्या यादीत ती त्याच्या मागच्या आठवड्यातून आली होती.