शनिवारची दाढी

बाबा इंग्लंडात ब्रॅकनेलला माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या बॅगेत सहा महिन्यांची औषधं होती, थालीपिठाची भाजणी होती आणि टॉवेलात गुंडाळलेला वस्तरा होता. वस्तरा धरणारा उजवा हात मात्र कामातून गेला होता. आई गेल्यापासून वर्षभरात तो इतका थरथरायला लागला होता की त्यांना चहा अर्धा कपच द्यावा लागे. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तरी वस्तरा आला होता.

मी लगेच सुपरमार्केटातून तीन पात्यांचा रेझर आणला. त्यांनी तो गालावरून एकदा ओढला आणि धुऊन मला परत दिला. "ही दाढी नव्हे, हे खरवडणं आहे." विजेचं मशीन आणलं, तर त्याच्या आवाजाने डोकं उठतं म्हणाले. मग रजा टाकून त्यांना पार लंडनच्या पलीकडच्या टोकाला, इल्फर्डला घेऊन गेलो, कारण तिथे आपल्याकडचे न्हावी आहेत असं कोणीतरी सांगितलं होतं. त्या न्हाव्याने दांडीत ब्लेडचा अर्धा तुकडा बसवला, तसे बाबा उठले. गळ्याभोवतीचं कापड नीट घडी करून खुर्चीवर ठेवलं, एवढंच सौजन्य.

नुसत्या दाढीचा प्रश्न असता तर म्हटलं असतं, वाढू दे. पण बाबांच्या लेखी माणूस दाढी वाढवतो तो सुतकात. आईच्या वेळी त्यांनी वाढवली होती, आणि तो चेहरा त्यांना पुन्हा आरशात बघायचा नव्हता. खुंट वाढले की ते पूजेला बसत नसत, फिरायला येत नसत, जेवायलाही खाली उतरत नसत. ताट वर पोचवायचं. असे चार दिवस गेल्यावर मीच शरण गेलो. "बाबा, मला शिकवा."

"आधी पट्टा," ते म्हणाले.

म्हणजे आठवडाभर नुसता पट्टा. चामड्याचा पट्टा स्वयंपाकघराच्या दाराच्या कडीला अडकवायचा, ताणून धरायचा आणि त्यावर वस्तरा घासायचा. पाठ पुढे, धार मागे. टोकाशी आलं की पाठीवरच उलटायचा. एकदा माझी धार पुढे गेली आणि पट्ट्याची साल निघाली. ऑफिसात माझ्या हाताखाली दहा माणसं होती, आणि इथे ऑफिसातून येऊन मी दाराशी उभा राहून बोलणी खात होतो. नंतर फुगा. फुग्याला साबणाचा फेस फासायचा आणि तो न फोडता उतरवायचा. आमच्या घरमालकाने कोणत्या मुहूर्तावर बाथरूममध्ये कार्पेट घातलं होतं कोण जाणे. पाच फुगे फुटले. प्रत्येक वेळी बायको खालून विचारायची, "कोण गेलं?"

त्यानंतर माझा स्वतःचा गाल. "ज्याने स्वतःला कापून घेतलं नाही त्याने दुसऱ्याच्या तोंडाला हात लावू नये," हा बाबांचा नियम. मी तो मनापासून पाळला. चेहऱ्यावर टिश्यूचे चार कपटे चिकटवून ऑफिसला गेलो, तर एका गोऱ्या सहकाऱ्याने मांजर पाळलंय का म्हणून विचारलं. मी हो म्हणालो.

आणि वार. सोमवार शंकराचा, दाढी नाही. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. रविवार त्यांचा जन्मवार, म्हणून तोही गेला. म्हणजे माझ्या सुट्टीचे दोन्ही दिवस वर्ज्य, आणि उरलेले तीन ऑफिसचे. त्यातून एकादशी आणि अमावास्या वजा. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर बघून एकदा मी म्हणालो, "बाबा, अमावास्या तिकडे लागली असेल. इथे अजून साडेचार तास आहेत."

"तिथी काय तुझ्या घड्याळाला विचारून लागते?"

तेव्हा मंगळवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेसहा. स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्ची, गळ्याभोवती टॉवेल, आणि बाबांच्या हातात छोटा आरसा. तो आरसाही थरथरायचा, त्यामुळे त्यांना काय दिसत होतं देव जाणे, पण सूचना अखंड. कातडी ताण. आडवा फिरवू नकोस. मनगट सैल. एकदा मी भडकलो. "बाबा, तुम्ही बोलता म्हणून हनुवटी हलते. गप्प बसा ना जरा." ते गप्प बसले. मिनिटभराने म्हणाले, "कानाखाली राहिलं."

त्यांना मी एकदाच कापलं, हनुवटीवर. रक्ताचा ओघळ टॉवेलापर्यंत आला. त्यांनी स्वतःच तुरटी लावली आणि म्हणाले, "आता घाबरू नकोस. घाबरलास तर परत कापशील." त्यावरही मला रागच आला. निदान ओरडायचं तरी.

सहा महिने असे गेले. व्हिसा संपत आला. विमान शनिवारी संध्याकाळचं होतं आणि आदल्या दिवशी, शुक्रवारी, नेमकी एकादशी. म्हणजे बुधवारची दाढी शेवटची. पुण्याला ते मोठ्या भावाकडे राहणार होते. त्याने फोनवर सांगून टाकलं होतं, "मी मशीन आणून ठेवलंय. मला वस्तराबिस्तरा जमणार नाही." बाबा फोनवर बरं म्हणाले होते.

शनिवारी सकाळी खाली आलो तर बाबा खुर्चीत बसले होते. टॉवेल लावलेला. वाडग्यात गरम पाणी, त्यातलं निम्मं ओट्यावर सांडलेलं.

"बाबा, आज शनिवार आहे."

"माहीत आहे. मारुतीला मी सांगतो."

मी फेस लावला. त्यांनी आरसा मांडीवर पालथा ठेवला आणि डोळे मिटले. सहा महिन्यांत पहिल्यांदाच. उजवा गाल झाला, डावा झाला, ओठांवरचं झालं, आणि त्यांच्या तोंडून एक अक्षर निघेना. ज्या बोलण्याला मी विटलो होतो त्यातलं काहीतरी यावं म्हणून मी मुद्दाम कानाखाली थोडं ठेवलं. तरी नाही. मला इतकं वाईट वाटलं की मी ते मुकाट्याने उतरवलं.

गळा राहिला. त्यांनी मान वर केली. मी वस्तरा टेकवला आणि उचलला.

"काय झालं?" त्यांनी डोळे न उघडताच विचारलं.

"काही नाही. हात थरथरतोय."

"तुझा थांबेल," ते म्हणाले आणि मान तशीच वर धरून बसून राहिले.