आईच्या जिभेला कळलं होतं

पाकीट तळहातावर मावेल एवढं असतं. आतली पूड पांढरट, बिनवासाची. ती आधी थंड पाण्यात कालवायची. गरम दुधात टाकली तर गुठळ्या होतात, हे मला पहिला घाणा वाया गेल्यावर कळलं. मग दूध, साखर आणि चॉकलेट-माल्टची पूड घालून उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं आणि पसरट भांड्यात ओतायचं. गार होता होता ते आपोआप धरतं. मग सुरीनं तुकडे, वरून क्रीम, कंडेन्स्ड मिल्क, पुन्हा थोडी माल्टची पूड, आणि मग फ्रिज. फिलिपिनो घरांतून हे वाढदिवसाला, नाताळाला करतात. मी केलं ते एका साध्या शनिवारी सकाळी, आयर्लंडमध्ये, नावन गावातल्या आमच्या घरी. आमच्या मागच्या घरावर 'विकलं गेलं' अशी पाटी लागली होती, तिथली बाई रविवारी कायमची ड्रोहेड्याला राहायला जाणार होती, आणि तिला मी दोन वर्षांपूर्वी सांगितलेलं एक खोटं मला परत घ्यायचं होतं.

आमच्या दोन्ही घरांच्या पाठी एकमेकींकडे आहेत. मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. ती फिलिपिन्सची, एका नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची. मला 'कुया' म्हणायची, म्हणजे थोरला भाऊ. माझ्या आईला 'लोला' म्हणायची, म्हणजे आजी.

वडील गेल्यावर आईला यवतमाळहून मी इथे आणलं. आई महानुभाव घराण्यातली, लग्नाआधी उपदेश घेतलेली. मांस-मासे तर सोडाच, अंडं घातलेला केक ज्या सुरीनं कापला ती सुरी ती भाजीला लावू देत नसे. समोर येईल त्याला हात जोडून 'दंडवत' म्हणायची, पोस्टमनला, बसच्या ड्रायव्हरला, कुंपणापलीकडल्या या शेजारणीला. शेजारीणही हातातलं काम खाली ठेवून हात जोडायची आणि 'दंडवत, लोला' म्हणायची.

दुसऱ्या वर्षी आईचं विसरणं वाढलं. मला ती कधी माझ्या काकांच्या नावानं हाक मारायची, कधी नळाला पाणी आलं का विचारायची. मग तिचं खाणं सुटलं. वरणभात, शिरा, साबुदाण्याची खीर, सगळ्याला एकच उत्तर. "कडू लागून राहिलं रे." ताट हळूच पुढे सरकवायची. डॉक्टर म्हणाले, वजन फार उतरलंय, तिला आवडेल ते द्या. पण तिला आवडेल असं काही उरलंच नव्हतं.

एका संध्याकाळी शेजारणीनं कुंपणावरून प्लॅस्टिकचा डबा दिला. आत ही माल्टची जेली. तुकडे अगदी बारीक, डाळिंबाच्या दाण्याएवढे. मी काही बोलायच्या आत आईनं वाटी पुढे केली. तिनं वाटीभर खाल्लं. चार दिवसांत पोटात गेलेलं पहिलं अन्न. चमचा चाटून ती म्हणाली, "चायना ग्रास आहे हे. तुझ्या दहावीच्या निकालाला केला होता न मी."

मला असं काही आठवत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच शब्द होता, जिलेटिन. जेली म्हणजे जिलेटिन, जिलेटिन म्हणजे जनावराची हाडं आणि कातडी, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. इतकं पक्कं का ठाऊक होतं, तेही सांगतो.

बारा वर्षं मी सगळं खात आलो होतो. डब्लिनमधल्या बॉल्सब्रिजच्या ऑफिसमध्ये पहिल्या टीम लंचला ताटात आलं ते खाल्लं आणि मग थांबलोच नाही. गाय, डुक्कर, काहीही. बायकोला थोडं माहीत होतं, पूर्ण नाही. आईला काहीच नाही. आणि त्याच उन्हाळ्यात शेजारणीकडे बागेत बार्बेक्यू होतं, तेव्हा तिच्या नवऱ्यानं भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या काड्या मी सहा-सात खाल्ल्या होत्या. शेजारीण हसून म्हणाली होती, कुया, तू तर आमच्यातलाच निघालास. आई तेव्हा वीस पावलांवर, आमच्या घरात झोपलेली होती.

बायको म्हणाली, त्यात काय घातलंय ते सरळ विचार ना तिला. मी विचारलं नाही. आई कुंपणाशी उभी असताना मी जिलेटिनची चौकशी केली असती आणि शेजारीण सहज 'पण तू तर सगळं खातोस' असं बोलून गेली असती, तर? आईला तेवढं इंग्रजी कळत होतं. ती पुष्कळ विसरली होती, पण हे विसरली नसती, अशी मला भीती होती. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी आईचा धर्म सांभाळतोय. सांभाळत होतो मी माझी लबाडी.

उरलेला डबा मी कचऱ्यात रिकामा केला. आई बघत होती. मी तिला म्हटलं, आई, हे आपल्याला चालत नाही, यात हाडं असतात. ती म्हणाली, "नाही रे बापा. चायना ग्रास आहे. मी सांगून राहिली न तुला." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. वेड्या माणसाची समजूत काढताना ठेवतात तसा. डबा धुऊन घेऊन निघालो, तर तिनं मागून हाक मारली. रिकामा डबा कोणाकडे पाठवू नको, चिमूटभर साखर तरी टाक. मी तो रिकामाच नेला.

शेजारणीला काय सांगायचं हे मी बागेतल्या दहा पावलांत ठरवलं. पुन्हा पाठवू नका, एवढंच सांगितलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. म्हणून मी म्हणालो की तुमच्या जेलीनं आईला त्रास झाला, सारख्या उलट्या झाल्या.

तिचा चेहरा एकदम नर्सिंग होममधल्या ड्यूटीवरचा झाला. खाताना खोकली का, श्वास लागला का, छातीत घरघर आहे का, असं तिनं एकापाठोपाठ विचारलं. मला प्रश्नांचं कारण कळत नव्हतं. थोडी खोकली, असं मी म्हणून टाकलं. तिनं तीनदा माफी मागितली. त्यानंतर कुंपणावरून काही आलं नाही.

आई त्यानंतर तीन महिने होती. मी रोज सकाळच्या बसनं डब्लिनला जायचो, बायको वरच्या खोलीत लॅपटॉपसमोर, आई खाली स्वयंपाकघरात तिच्या खुर्चीत. त्या दिवसांत समोरच्या खिडकीचा पडदा दिवसाही खाली असायचा. आईनं मला दोनदा विचारलं, "समोरच्या पोरीला मी काही बोलली का रे? रागावली काय ती?" मी म्हटलं, नाही आई, तिची नाइट ड्यूटी असते, झोपली असेल. मला तसंच वाटत होतं.

थंडीत आईला न्यूमोनिया झाला. पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होती. शेवटी अंगावर काहीच उरलं नव्हतं, उचलून कुशीवर वळवताना हाताला फक्त चादर लागल्यासारखं वाटायचं. ती गेल्यावर आमच्या गल्लीतला प्रत्येक जण काही ना काही खायचं घेऊन आला. सँडविच, ॲपल टार्ट, एका म्हाताऱ्यानं तर चहाची आख्खी किटली आणली. शेजारीण फुलं घेऊन आली. दारातूनच तिनं विचारलं, न्यूमोनियाच होता ना? मी हो म्हणालो. ती मान खाली घालून गेली. मला वाटलं, रडू येत असेल.

या वर्षी मार्चमध्ये मी पोहे आणायला एशियन दुकानात गेलो होतो. शेवयांच्या शेजारी लहान पाकिटांची रांग होती. त्यातलं एक मी ओळखलं. शेजारणीच्या खिडकीच्या कट्ट्यावर मी ते पाहिलं होतं. उलटून वाचलं. घटक एकच होता, समुद्री शेवाळ, ज्यापासून चायना ग्रास करतात ते. खाली हिरवं पान आणि 'शाकाहारी'.

मी गाडीत बसून नागपूरला बहिणीला फोन लावला. माझ्या दहावीच्या निकालाला आईनं काय केलं होतं ग? ती क्षणभरही थांबली नाही. म्हणाली, "चायना ग्रास. स्टीलच्या ताटात. आपल्याकडे फ्रिज कुठे होता, खालच्या देशमुखांकडे ठेवला होता न. शंकरपाळ्यासारखे काप केले होते, तूच तर अर्धं ताट खाल्लं." मग तिनं विचारलं, का रे? सहज, असं म्हणून मी फोन ठेवला.

म्हणजे आईचं डोकं शाबूत होतं. निदान त्या घासापुरतं तरी होतं.

तरीही मी महिनाभर शेजारणीकडे गेलो नाही. पाटीवर 'विकलं गेलं' लागलं, आणि बायको म्हणाली, रविवारी जातायत ती माणसं, तेव्हा हललो. जेली केली. आईच्या यवतमाळच्या स्टीलच्या डब्यात भरली आणि दुपारी पलीकडच्या रस्त्यानं वळसा घालून तिच्या पुढच्या दाराशी गेलो. कुंपणावरून हाक मारायचं धैर्य नव्हतं.

पॅसेजमध्ये खोकी रचलेली होती. ती टेप लावत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. उलट्या झाल्या नव्हत्या. खोकली नव्हती. आईनं वाटी चाटून पुसून खाल्ली होती. मी जिलेटिन समजलो, विचारायला लाजलो, आणि का लाजलो तेही. डुकराच्या काड्या, आई, सगळं. ती टेपचा रोल हातात धरून ऐकत होती.

मग म्हणाली की जेली तोंडात वितळून छातीत जाऊ शकते, म्हणून नर्सिंग होममध्ये काही म्हाताऱ्यांना देत नाहीत. पण ही शेवाळाची वितळत नाही, आणि तुकडे तिनं मुद्दाम तेवढे बारीक कापले होते. मी खोकल्याचं बोललो आणि पुढे न्यूमोनिया झाला, तेव्हा तिनं दोन्ही जोडून पाहिलं. दोन वर्षं ती असं समजत होती की लोलाला आपण मारलं. तिनं हे चर्चमध्ये, पाद्र्यापुढच्या कन्फेशनमध्ये सांगितलं होतं. कामावर त्यानंतर कोणालाही घरचं काही खायला दिलं नव्हतं.

मी सॉरी म्हणालो. तिनं हात वर करून मला थांबवलं.

"लोला खिडकीत यायची," ती म्हणाली. "तू सकाळच्या बसनं गेलास की. हातात वाटी घेऊन."

मला आधी कळलंच नाही.

"मी मान हलवून नाही म्हणायचे. तिला वाटायचं मला समजलं नाही. मग ती वाटी पालथी करून दाखवायची, रिकामी आहे म्हणून. आणि दंडवत करायची." ती टेपचं टोक नखानं शोधत होती. "रोज. मला बघवेना. मग मी पडदा पाडून ठेवायला लागले."

आतून तिच्या नवऱ्यानं काहीतरी विचारलं, तिनं त्यांच्या भाषेत उत्तर दिलं. मग माझ्या हातातला डबा घेतला, झाकण काढून पाहिलं.

"तुकडे मोठे झालेत," ती म्हणाली. "लोलाला हे गिळवले नसते."

झाकण लावून तिनं डबा माझ्याकडे परत दिला. रागानं नाही. खोकी भरून झालीत, आता ठेवायला जागा नाही, असं म्हणाली. मला ती या वेळी कुया म्हणाली नाही. मी दारातून निघालो तेव्हा टेप ओढल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला होता.

रविवारी ट्रक आला आणि गेला. नवी माणसं अजून आलेली नाहीत. समोरच्या खिडकीचा पडदाही त्यांनी काढून नेलाय, त्यामुळे आमच्या ओट्याशी उभं राहिलं की सरळ आतलं दिसतं, तिचा गॅस जिथे होता ती भिंत, नळ, कट्टा. आई उभी राहायची ती जागा मी शोधून काढली. खुर्चीच्या डाव्या हाताला, नळाजवळ. तिथून तो कट्टा अगदी स्पष्ट दिसतो. त्यावर काय कापून ठेवलंय, तेही दिसलं असतं.

डब्यातली जेली फ्रिजमध्ये चार दिवस होती. बायकोनं विचारलं, खाणार आहेस की टाकू? मी तिला थांबायला सांगितलं. मग आईची वाटी काढली, सुरी घेतली, आणि एकेक तुकडा बाहेर काढून बारीक करत बसलो.