देशकर सरांच्या मानेवर ठेवलेला भरवसा

सांगा पाहू, सिनेमा आपल्याला कळला की नाही, हे कोणाच्या भरवशावर ठरवावं? मी ठरवलं देशकर सरांच्या मानेवर. आणि अशी फजिती झाली म्हणता!

रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. सदर बाजारात माझं साड्यांचं दुकान. शिक्षण आठवी, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माझ्या लेकीनं, रेवानं, तिच्या कॉलेजात एका दिग्दर्शकाला बोलावलं, त्याचे तीन छोटे सिनेमे दाखवायला. मला म्हणाली, "बाबा, आप मत आओ. सो जाओगे."

झोंबलं! म्हटलं, या पोट्टीला दाखवतोच.

तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या देशकर सरांच्या शेजारची खुर्ची धरली. ते मान डोलावतील तिथं आपणही डोलवायची.

पहिल्या सिनेमात एक माणूस बंद दारासमोर उभा. मागच्या लोकांकडं वळून वळून पाहतो, पण ठोठावत नाही. संपला! दुसऱ्यात बाई, तसंच दार. तिसऱ्यात म्हातारा, पुन्हा दार! सर डोलले, मी डोललो. आमचं पाहून मागची रांग डोलली. शेवटी तर उभं राहून टाळ्या!

दिग्दर्शक भारावला. रेवानं माईक माझ्यापुढं धरला. "बाबा, आपको क्या लगा?"

मी सरांकडं बोट केलं. "सरांना वाटलं तेच."

सर दचकले. "अहो भाऊ, मी तर तुमचं पाहून मान हलवून राहिलो होतो! मले वाटलं, तुम्ही पारखी माणूस!"

सभागृह खदखदून हसलं. रेवानं मान खाली घातली. दिग्दर्शक तेवढा हसला नाही. शांतपणे म्हणाला, "माझे सिनेमे एवढंच विचारतात. दार ठोठावायचं की नाही, हे दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहून ठरवलं, तर जगलं कोण?"

मला माझं दुकान आठवलं. बाईचा हात साडीवर अडला, की मी शेजारच्या बाईला विचारतो, "दीदी, कैसी लग रही है?" ती मान हलवते, साडी खपते. वर्षानुवर्षं!

घरी येताना रेवानं तेलीबांधाच्या तळ्याशी स्कूटर थांबवली. "अब सच बोलो."

"मले वाटलं, म्हाताऱ्यानं एकदा ठोठावायला पाहिजे होतं. आतलंही कोणी वाट पाहत असंल."

ती माझ्याकडं वळली. "बाबा, यही बोलना था ना!"

दुसऱ्या दिवशी एका बाईनं विचारलं, "भैया, कौनसी लूँ?" मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "आपको खुद कौनसी जँचती है?" तिनं नीट विचार केला, आणि समोरच्या दुकानात गेली!

हसताय ना? हसा. फक्त एक करा, हिशेब प्रामाणिक ठेवा: हे हसू तुमचं तुम्हाला आलं, की शेजारचा हसला म्हणून?