रिपोर्टच्या आधीच बुक केलेलं टेबल

"ताई, आईला घेऊन ये. गुरुवारी माझा स्कॅनचा रिपोर्ट आहे, आणि त्याच संध्याकाळी मी स्टेक खायला टेबल बुक केलंय."

मंदार, माझा धाकटा भाऊ. बरीच वर्षं जहाजावर इंजिनियर होता, आता सिंगापुरात एका शिपिंग कंपनीच्या ऑफिसात बसतो. गेल्या वर्षी त्याच्या जबड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जबड्याचा तुकडा काढून तिथे पायाचं हाड बसवलं, मग रेडिएशन. त्या सगळ्या काळात आम्ही चिपळूणला फोनला चिकटून बसलो होतो. आईच्या पासपोर्टची मुदत नेमकी तेव्हाच संपलेली.

"आणि रिपोर्ट वाईट आला तर?" मी विचारलं.

"तर काय, तरी भूक लागेलच ना?"

मागून त्याच्या बायकोचा, केतकीचा आवाज आला, "ताई, तुम्ही तरी सांगा त्याला. कॅन्सल कर म्हणावं!"

मी फोन ठेवला आणि तिकिटं काढली.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. व्हिसा अधिकृत एजंटकडूनच करा, आणि निघण्यापूर्वी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरा. ते फुकट असतं, पैसे मागणाऱ्या वेबसाइटच्या नादी लागू नका. मुंबईहून थेट विमान साडेपाच तासांत पोचतं. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, ईमेल येते. आई याने जरा हिरमुसली. "मग आलो होतो कशावरून म्हणायचं?"

विमानतळावर मंदार दिसला आणि आम्ही दोघी क्षणभर थांबलो. व्हिडिओ कॉलवर माणूस अर्धाच दिसतो. तो निम्मा झाला होता. हनुवटीखालून कानापर्यंत वळलेली खूण, उजवा खांदा किंचित खाली. आईने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "दाढी नीट येत नाही रे या बाजूला."

त्यांचा फ्लॅट सेंगकांगला. एमआरटीने, म्हणजे मेट्रोने यायचं आणि पुढे एलआरटीची छोटी गाडी, इमारतींच्या मधून गोल फिरणारी. वेगळं तिकीट लागत नाही, आपलं बँकेचं कार्ड टेकवलं की झालं. फक्त परदेशी कार्डावर वरचा आकार बसतो. गाडीला ड्रायव्हर नाही हे कळल्यावर आई पुढच्या काचेशी उभी राहिली ती उतरेपर्यंत.

घरात मंदारचा व्यायाम चालायचा. आइस्क्रीमच्या काड्यांसारख्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांत धरायच्या, जबडा उघडावा म्हणून. सुरुवातीला मोजक्याच पट्ट्या मावायच्या, आता चांगली जुडी मावते. महिनोन्‌महिने सूप, मऊ भात, मिक्सरमधलं काहीबाही. रेडिएशनला जाता-येता वाटेत तांजोंग पगार नावाच्या भागातलं ते स्टेकचं रेस्टॉरंट लागायचं. "वास यायचा, ताई. तोंडाला चव नव्हती, पण नाक शाबूत होतं. तेव्हाच ठरवलं."

गुरुवारी दुपारी तो आणि केतकी हॉस्पिटलला गेले. आत गर्दी नको म्हणून आम्ही दोघी जवळच्या हॉकर सेंटरमध्ये बसलो. मोठ्ठी शेड, चहूबाजूंनी खाण्याचे स्टॉल. चार-पाच डॉलरमध्ये पोट भरतं. आईसाठी माशांचे तुकडे घातलेली कॉन्जी घेतली. पहिल्या चमच्यालाच ती म्हणाली, "अगं, ही तर आपली पेज!" मग चमचा वाडग्यात ठेवून हॉस्पिटलच्या दिशेने बघत बसली.

फोन वाजला. पलीकडे केतकी नुसती रडत होती.

"केतकी, बोल ना!"

"क्लिअर आहे, ताई. सगळं क्लिअर आहे."

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "परत एकदा विचार तिला." मी परत विचारलं, परत तेच ऐकलं, परत सांगितलं. मग आईचे डोळे वाहायला लागले. आमच्याच टेबलावर बसलेल्या एका म्हाताऱ्या चिनी बाईंनी टिश्यूचं पाकीट पुढे सरकवलं. "गुड न्यूज, बॅड न्यूज?"

"गुड," आई म्हणाली. "व्हेरी गुड. माय सन."

"देन ईट, लाह! गेटिंग कोल्ड."

आईने वाडगा चाटूनपुसून संपवला.

संध्याकाळी तांजोंग पगार. ऑफिसांच्या उंच इमारतींच्या पायथ्याशी जुन्या दुमजली दुकानांची रंगीत ओळ आहे, त्यातच ते रेस्टॉरंट. बुकिंग आधी करावंच लागतं, आणि चपला-हाफपँट चालत नाही. मेनूवरच्या किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसतील. म्हणजे सर्व्हिस चार्ज आणि टॅक्स वेगळा. आईने नारायणपेठ नेसली होती. वेटरने कच्च्या मांसाचे तुकडे लाकडी फळीवर मांडून दाखवायला आणले, तशी तिने नजर छताकडे वळवली.

"बैलाचं ना रे?"

"हो, आई."

"तू खा हो. मला मासा सांग."

मी लँब चॉप्स घेतले, केतकीने मासाच. मंदारने सगळ्यात मऊ तुकडा मागवला. तो आला, चरचरत, वर लोणी वितळत होतं. मंदारने काटा-सुरी उचलली. ऑपरेशनमध्ये मानही उघडली होती, तेव्हापासून त्याच्या उजव्या हातात जोर नाही. जेमतेम एक फोड निघाली, ती ओठांशी नेली, आणि ती तोंडात शिरेना. त्याने पुन्हा प्रयत्न केला. मग काटा खाली ठेवला आणि आमच्याकडे न बघता नॅपकिनने हनुवटी पुसत राहिला. केतकी मेनूकार्ड वाचायला लागली, जेवण समोर असताना.

आईने हात लांबवून त्याची प्लेट आपल्याकडे ओढली.

"आई, तू नको. बीफ आहे ते."

"ठाऊक आहे मला. हात धुता येतात."

आणि तिने सुरी घेतली. आयुष्यभर मटण-मासळी साफ केलेला हात तो. मांसाचे दोरे बघून आडवं कापत गेली, शेंगदाण्याएवढे तुकडे करत. प्लेट परत सरकवली. "घे आता. सावकाश."

मंदारने एक तुकडा तोंडात ठेवला आणि चावायला लागला. आम्ही तिघी उघड उघड त्याच्या जबड्याकडे बघत होतो. चावला, चावला, गिळला. पाण्याचा घोट घेतला.

"कसं लागतंय?" मी.

"उजवीकडे काहीच कळत नाही." तो हसला, तिरपा. "डावीकडे... ताई, काय सांगू!"

केतकी हसता हसता रडली आणि रडता रडता मंदारच्याच प्लेटमधला एक तुकडा खाऊन मोकळी झाली. आमचं कधीच आटोपलं, त्याचं चालूच होतं. वेटर काळजीने विचारायला आला, काही चुकलंय का? "नो, नो. ही इज जस्ट स्लो," केतकी म्हणाली. तो म्हणाला, "टेक युवर टाइम." सांगितल्याप्रमाणे आम्ही वेळ घेतला. अर्धा स्टेक गार झाला, तोही त्याने खाल्ला.

आई हात धुवून आली तेव्हा तिचा चेहराही धुतलेला होता.

पुढचे दिवस आम्ही रीतसर पर्यटक झालो. मरिना बे, बाग, लिटिल इंडियातलं देऊळ. सगळं सुंदर आहे, नक्की बघा, पण दुपारचं ऊन टाळा. मला मात्र त्यातलं फारसं आठवत नाही. हलकं वाटत होतं, एवढंच आठवतं. वर्षभर फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे. तिथे फोन पर्समध्ये राहायचा आणि मला त्याचा पत्ता नसायचा.

चिपळूणला परतल्यावर शेजारच्या काकू आल्या. चॉकलेटं घेतली, आईजवळ बसल्या. "मग? काय काय पाहिलंत सिंगापुरात?"

आईने जरा आठवलं.

"मंदारला जेवताना पाहिलं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.