न दिलेल्या दोन सुया

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, ज्यांच्यासोबत इतकी वर्षं खेळलो त्या पोरांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच बहुधा तोंड उघडतंय.

आम्ही कर्जतला, भिसेगावात राहतो. मी खालापूरकडच्या एका कारखान्यात ऑपरेटर आहे. माझी बायको रेश्मा शेलूची. लग्नानंतर तिची दोन मुलं पोटातच गेली. दुसऱ्या खेपेनंतर पाय खांबासारखा सुजला, तेव्हा पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. "हिचं शरीर आपल्याच रक्ताशी भांडतंय," त्या म्हणाल्या. त्या भांडणात गुठळ्या होतात. पायात होतात तशा बाळाच्या वारेतही होतात, आणि बाळाकडे जाणारं रक्तच अडतं. उपाय होता. दिवस राहिले की रोज एक गोळी आणि रोज संध्याकाळी पोटात रक्त पातळ ठेवणारं एक इंजेक्शन — बाळंतपणापर्यंत.

रेश्माला सुई नुसती दिसली तरी घेरी यायची. म्हणून नर्सने मला शिकवलं. पोटाची चिमूट धरायची, सुई सरळ आत, औषध सावकाश. तिसऱ्यांदा दिवस राहिले, तेव्हा मी कामावरून आलो की हात धुऊन आधी तेच करायचो. ती भिंतीकडे तोंड करून माझा शर्ट मुठीत धरायची. पोटावर निळे-हिरवे डाग उठायचे. आळीतल्या बायका म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मला ते आवडायचं — का नाही आवडणार?

सातवा लागला. बाळ लाथा मारायचं. आता काही होत नाही, असं मला वाटायला लागलं होतं.

त्या सुमारास खालापूरकडे टेनिस क्रिकेटच्या मॅचेस होत्या. मी टीमचा मुख्य बॉलर, आणि त्या वर्षी एकही मॅच खेळलो नव्हतो. शनिवारी गेलो — संध्याकाळी परत येतो सांगून. आम्ही जिंकत गेलो. पुढच्या मॅचेस दुसऱ्या दिवशी होत्या. पोरं म्हणाली, "ऱ्हा रं आज हितंच." मी रेश्माला फोन लावला.

आळीच्या तोंडाशीच दवाखाना होता. "तिथं जाऊन टोचून घे," एवढंच म्हणायचं होतं. पण ती दवाखान्यात निघाली की घरात आईने विचारलं असतं — पोटुशी बायको सोडून हा खेळत काय बसलाय? ते मला ऐकायचं नव्हतं. दुसरं कारण नाही. शोधलं, सापडलं नाही.

मी म्हणालो, "आज ऱ्हाऊ दे. डॉक्टरांना फोन केलेला मी. दोन दिवस नाय घेतलं तरी चालतं, बोलल्या."

"खरंच चालतंय ना?"

"अगं, विचारलंय ना मी!"

मी कुणालाही विचारलं नव्हतं.

रविवारचं इंजेक्शनही राहिलं. फायनल जिंकून मी उशिरा घरी आलो, ती झोपली होती. सोमवारी पुन्हा सुई सुरू केली. त्याच आठवड्यात तिच्या धाकट्या बहिणीची, पूनमची हळद होती. रेश्मा रिक्षाने शेलूला गेली, पाटावर बसलेल्या बहिणीला हळद लावून लगेच परतली. आणि मग — बाळ हलायचं थांबलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून विचारलं, "एखादं इंजेक्शन चुकलं होतं का?"

"नाही," मी म्हणालो.

त्यांनी फाईलवर काहीतरी लिहिलं. "मग आहे तो डोस हिला पुरत नाहीये. पुढच्या वेळी वाढवावा लागेल."

घरी आणलं तेव्हा तिला दूध उतरलं होतं. आईने छातीवर ओढणी घट्ट बांधली आणि बांधता बांधता बोलली, "सांगितलेलं, रिक्षानं जाऊ नको. रस्ते काय हायेत! पन ऐकतंय कोन?"

रेश्माने माझा हात धरला. "तुमी एवढं केलंत माज्यासाठी. मीच घालवलं ओ."

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या दोन दिवसांमुळेच बाळ गेलं का? मला माहीत नाही, डॉक्टरांनाही सांगता आलं नसतं. पण ती निजल्या जागी स्वतःला दोष देत होती, आणि मला जे माहीत होतं ते माझ्या तोंडात होतं. मी गिळलं.

पुढच्या खेपेला सकाळ-संध्याकाळ सुई लागली. माझ्या एका "नाही"मुळे — दुप्पट. पोटावर टोचायला जागा उरेना, तेव्हा मांडीत टोचायचो. हिरड्यांतून रक्त यायचं, ती गप गिळायची. तपासणीला गेलो की डॉक्टरांशी सगळं मीच बोलायचो. तिला बोलूच द्यायचो नाही. त्या दोन दिवसांचं ती बोलून गेली असती तर?

मुलगी झाली. आता शाळेत जाते. पाहुणे आले की रेश्मा त्यांना सांगते, "ही यांच्या हातानं जगली."

पूनम मात्र तुटली. माझ्या हळदीपायी ताईचं बाळ गेलं, हे तिने मनाला लावून घेतलं. तिच्या मुलाच्या बारशाला तिने आम्हाला बोलावलंच नाही — ताईसमोर मूल कसं घेऊ, म्हणाली. रेश्मा त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडली. मी मुलीला घेऊन बाहेर उभा होतो.

गेल्या महिन्यात शेजारची सविता आली. तिलाही तीच इंजेक्शनं सुरू झालीत. घाबरली होती बिचारी. रेश्माने तिला चहा दिला, जवळ बसवलं.

"वैनी, एखादं चुकलं तर?" सविताने विचारलं.

"घाबरू नको गं," रेश्मा म्हणाली. "दोन दिवस नाय घेतलं तरी चालतंय. आमच्या डॉक्टरांनीच सांगितलेलं. हो ना ओ?"

दोघी माझ्याकडे बघत होत्या. सविताचा हात पोटावर होता.

"ते तेव्हाचं," मी म्हणालो. "आता डॉक्टर एकही चुकवू देत नाहीत. तू चुकवू नको."

"हो का?" रेश्मा म्हणाली. मग सविताकडे वळली. "ऐकलंस ना? एकबी चुकवू नको. यांना सगळं माहीत असतंय."