कूप नंबर चारमधला कँप

बाईसाहेब खुर्चीवरून तिसऱ्यांदा उठल्या. "देखावा फार सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण उभ्यानंच बघावा लागतोय." आणि वाकून त्यांनी पोटरी खाजवली. शेजारी आमचे डिव्हिजनल साहेब मोज्यात बोट घालून बसले होते.

हैदराबाद संस्थान विलीन होऊन चारेक वर्षं झाली होती. जिंतूरच्या डोंगरातलं जंगल माझ्याकडे होतं. मी नवा रेंजर, प्रोबेशनवर. साहेब तीन दिवस तंबूत राहून, जंगल पायी फिरून माझं काम बघणार आणि मला कायम करायचं की नाही ते ठरवणार होते. बाईसाहेब हवापालटाला सोबत आल्या होत्या.

कँपची जागा मी स्वतः निवडली होती. आमच्या घराण्यात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच, बी.एस्सी. त्यामुळे कोणाला विचारायची सवय नव्हती. जागा सपाट, कोरडी, थोडा उतार असलेली हवी, हे मला पाठ होतं. कूप नंबर चारमध्ये तशी जागा सापडली. कूप म्हणजे तोडीसाठी आखलेला जंगलाचा तुकडा. तोड झाल्यावर नवे फुटवे वाढावेत म्हणून तिथं चराई बंद ठेवतात. कड्याजवळच गोल, अंगणासारखी स्वच्छ जागा, आणि खाली पूर्णा नदीचं वळण.

आमचा जुना गार्ड राघोजी तेव्हा म्हणाला होता, "साब, हितं गवत का न्हाई, इचारा की कुणाला तरी."

"माती पातळ आहे," मी म्हणालो. राघोजीनं तंबूच्या खुंट्या ठोकायला घेतल्या.

आता साहेबांनी मोज्यातून बोट बाहेर काढलं. नखावर एक काळा ठिपका होता. त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"रेंजर, ही पिसू आहे."

"होय साहेब."

"या कूपात एक शेळीसुद्धा चरत नाही, असा तुमचा दर महिन्याचा रिपोर्ट आहे. मग या पिसवा आल्या कुठून?"

मी राघोजीकडे बघितलं. राघोजी नदीकडे बघत होता.

तेवढ्यात बिरूबा धनगर दुधाची चरवी घेऊन वर आला. साहेब आलेत म्हणून चहाला दूध आणलं होतं बिचाऱ्यानं. तंबू बघून तो जागीच थांबला.

"अरारा, मेंढरं कोंडायच्या वाड्यातच तंबू मारला व्हय? पिसवा उपाशी असत्याल. मेंढरं काल हलिवली."

"इथं तुझी मेंढरं बसतात?" साहेबांनी विचारलं.

"दिवाळीपस्नं. लेंड्या झाडून बोरीच्या शेतकऱ्यास्नी खताला देतो. बघा की, जागा कशी लख हाय."

"आणि रेंजर साहेबांना दिसत नाहीत?"

"कशी दिसत्याल? साब मंगळवारी दहाला येतेत. आमी सोमवारीच खाली उतरतो, बुधवारी वर. सहा म्हयन्यात एक मंगळवार चुकला न्हाई. लय येळेचा पक्का माणूस हाय, साहेब. आदल्या रेंजरचं काय खरं नसायचं, कवाबी उगवायचा. आमच्या जिवाला घोर."

बाईसाहेबांनी तोंडाला पदर लावला. त्या दिवशी मंगळवारच होता.

अंधार पडायच्या आत बिरूबानंच जागा दाखवली. खडकाळ, एका अंगाला कललेली. तिथून नदी दिसत नव्हती, पण बाईसाहेबांना बसता आलं. निरगुडीचा पाला पेटवून त्यानं बिछान्यांना धुरी दिली. तीन दिवस साहेब एका हातानं काठी टेकत आणि दुसऱ्यानं खाजवत माझं जंगल हिंडले.

महिन्याभरानं कागद आला. बिरूबाला फक्त ताकीद होती. माझं प्रोबेशन सहा महिन्यांनी वाढवलं होतं. खाली साहेबांच्या हातचा शेरा: "वेळेचे अत्यंत पक्के. ही सवय सोडावी."

पुढच्या आठवड्यात मी गुरुवारी गेलो, तेही दुपारी तीनला. बिरूबा मेंढरांसकट वरच सापडला.

"काय हो साब," तो नाराजीनं म्हणाला, "तुमीबी आदल्यावाणीच निघालात."

सहा महिन्यांनी मी कायम झालो. पुढच्या सगळ्या नोकरीत तंबूसाठी स्वच्छ जागा दिसली, की ती कोणी झाडली हे मी आधी विचारायचो.